शुद्धिपत्र कोणी चिकटवायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी डोंबिवलीत राहते, वय 32. मुंबई विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केल्यानंतर गेली 7 वर्षे अंधेरीतील एका कंपनीत परदेशी संशोधन-नियतकालिकांचे कॉपी एडिटिंग करते. पूर्वी लेख लेखकाकडून जसाच्या तसा यायचा. आता तो यंत्राकडून 'सुधारून' येतो आणि आम्ही त्यावर नुसती नजर फिरवायची असते. पानामागचा दर दोनदा उतरला, आमच्या 14 जणांच्या गटात 9 जण उरले. माझ्यासमोर दोन प्रस्ताव आहेत. नवी मुंबईतील एक प्रकाशनसंस्था 22 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिके चालवते. तेथे मॅनेजिंग एडिटरचे पद आणि आताच्या दीडपट पगार मिळेल. लेख 7 दिवसांत प्रसिद्ध करून देण्याची त्यांची हमी असते. दुसरीकडे गिरगावातील एक जुना न्यास आपले मराठी संशोधन-त्रैमासिक ऑनलाइन नेण्यासाठी मला बोलावतो आहे, पण मानधन महिना 8 हजार. शिवाय त्यांच्या संपादकांची एक अट आहे: 1994 सालचा एक लेख दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला निघाला होता, तो संकेतस्थळावर घ्यायचा नाही. सासरची मंडळी म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेत लाग. या व्यवसायात पुढची 25 वर्षे काढण्यासारखे काही उरले आहे का?

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण इतक्या वर्षांची सवय सुटत नाही. एकही चूक सापडली नाही. एका मुद्रितशोधकाने दुसऱ्याला द्यावी अशी याहून मोठी पावती माझ्यापाशी नाही.

बी.एड.चा प्रश्न आधी बाजूला करतो. शिकवण्याची ओढ असेल तर ती पदवी जरूर घ्यावी. परंतु तुमच्या पत्रात 'शाळा' हा शब्द फक्त सासरच्या मंडळींच्या तोंडी आला आहे, तुमच्या स्वतःच्या वाक्यात एकदाही नाही. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

अंधेरीच्या नोकरीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. परदेशी लेखकाचे इंग्रजी सफाईदार करून देणे, संदर्भांची मांडणी ज्या त्या नियतकालिकाच्या शैलीप्रमाणे लावणे, आकृत्यांखालच्या ओळी तपासणे या कामावर मुंबई, पुणे, चेन्नई आणि पुदुच्चेरी येथील कितीतरी घरे चालली. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले, आणि या कामातील सफाईचा जो भाग होता त्याचे मोल तेव्हापासून घसरू लागले. दर दोनदा उतरला आहे, तिसऱ्यांदाही उतरेल. मात्र भाषेची सफाई म्हणजेच संशोधन-प्रकाशन, असे आपल्यापैकी अनेकांनी उगाच धरून ठेवले होते. तो या व्यवसायाचा दर्शनी भाग आहे. आत काय आहे ते मला माझ्याच एका चुकीने शिकवले, म्हणून ती येथे सांगतो.

1980 च्या दशकाच्या अखेरीस मी एका त्रैमासिकात उमेदवारी करत होतो. पेशवे दफ्तरातील धान्यखरेदीच्या पत्रांवर एक लेख आला होता. एका पत्राची तारीख अरबी संख्याशब्दांत 'इसन्ने समानीन मया व अलफ' अशी होती, म्हणजे 1182, आणि लेखकाने पुढे कंसात इ.स. 1781 असे दिले होते. मी नुकताच कुठेतरी वाचून आलो होतो की फसली सनात, म्हणजे महसुलाच्या कालगणनेत, 590 मिळवले की इसवी सन येतो. मी बेरीज केली, उत्तर 1772 आले, आणि लेखकाची 'चूक' मी मोठ्या आनंदाने दुरुस्त केली. तो सन फसली नव्हता, मराठेशाहीच्या कागदपत्रांत येणारा सुहूर सन होता. त्यात 599 मिळवायचे असतात. तुम्ही इतिहासाच्या विद्यार्थिनी असल्यामुळे पुढचे तुमच्या लक्षात आलेच असेल: नऊ वर्षांच्या फरकाने मी ते पत्र सवाई माधवरावांच्या काळातून उचलून थोरले माधवराव गेले त्या वर्षात नेऊन ठेवले होते, आणि नाना फडणविसांच्या कारभारातल्या खरेदीला भलत्याच कारभाराची पार्श्वभूमी चिकटवली होती.

अंक छापून झाल्यावर लेखकाचे पोस्टकार्ड आले. त्यात रागाचा शब्द नव्हता, फक्त दोन्ही बेरजा एकाखाली एक मांडलेल्या होत्या. आमच्या संपादकांनी ते कार्ड माझ्यासमोर ठेवले, चार ओळींचे शुद्धिपत्र छापून घेतले आणि सांगितले की ज्याची चूक त्याने चिकटवायचे. कार्यालयात शिल्लक असलेल्या प्रतींमध्ये मी दोन दिवस खळ लावून त्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो होतो. टपालाने गेलेल्या प्रती गेल्याच. काही वर्षांनी एका प्रबंधात तळटिपेत आमच्या अंकाचा हवाला देऊन '1772' छापलेले मी पाहिले.

आज तोच अंक संकेतस्थळावर असता तर मी ती फाइल दोन मिनिटांत बदलली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. डिजिटल प्रकाशनातला खरा धोका मला तेथे दिसतो. कागदावरची चूक लपवता येत नव्हती, म्हणून आपण प्रामाणिक राहिलो की स्वभावाने प्रामाणिक होतो, याची परीक्षा तेव्हा झालीच नाही. ती आता होते. म्हणूनच या क्षेत्रातील जबाबदार मंडळींनी शिस्त घालून घेतली की प्रसिद्ध झालेला लेख हा नोंदीचा दस्तऐवज आहे, त्यात गुपचूप बदल करायचा नाही, दुरुस्ती स्वतंत्रपणे तारखेसह प्रसिद्ध करायची आणि मूळ लेखाला जोडायची. 2000 साली क्रॉसरेफ ही संस्था निघाली आणि संशोधन-लेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळू लागला. संकेतस्थळ बदलले तरी त्या क्रमांकावरून लेख सापडावा, आणि त्या लेखाचे पुढे काय झाले हेही कळावे, अशी ती योजना आहे. लिहिले कोणी, तपासले कोणी, अखेरची प्रत कोणती आणि चूक निघाली तर ती कबूल कोण करणार, या चार प्रश्नांना उत्तरदायी असणे हे प्रकाशकाचे काम आहे. यंत्र माझ्यासारखीच 590 ची बेरीज करील, माझ्यापेक्षा अधिक आत्मविश्वासाने करील, पण खळ लावायला बसणार नाही. प्रकाशनातील नीतिनियमांसाठी 1997 पासून काम करणाऱ्या कोप या संस्थेने 2023 मध्ये जाहीर केले की अशा साधनांना लेखक म्हणून नाव देता येणार नाही, आणि कारणही हेच दिले: त्यांना जबाबदारी घेता येत नाही.

या दृष्टीने नवी मुंबईच्या प्रस्तावाकडे पाहा.

पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्यापूर्वी लेखाची त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, करणारे प्राध्यापक हे काम बहुधा विनामूल्य करतात, परीक्षांच्या पेपरांच्या गठ्ठ्यातून वेळ काढून करतात, आणि पहिल्या दोघांनी नकार दिल्यावर तिसऱ्याला विनंती करण्यातच आठवडे जातात. सात दिवसांत लेख प्रसिद्ध होत असेल तर मधली पायरी गाळली जाते, याशिवाय दुसरा अर्थ मला लावता येत नाही. लेख छापण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेणे हा मात्र स्वतःहून गुन्हा नव्हे. 2003 साली निघालेल्या, वाचकांना मुक्त असलेल्या प्लॉस या संस्थेच्या नियतकालिकांनी तेच केले आणि उत्तम दर्जा राखला. उलट शुल्क न घेताही मुक्त वाचन देता येते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे: परळच्या केईएम रुग्णालयातून 1955 पासून निघणारे पदव्युत्तर वैद्यकाचे नियतकालिक, आणि त्याच्याशी संबंधित असलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. देवकुमार साहू यांनी 1997 मध्ये सुरू केलेली मेडनो ही संस्था. छापील अंकाची वर्गणी चालू ठेवून ऑनलाइन वाचन सर्वांना खुले करण्याची रीत त्यांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत रुजवली. 2011 मध्ये वोल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी कंपनीने ती संस्था विकत घेतली. म्हणजे पैसा कोठून येतो यापेक्षा 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारायला हवे.

मुलाखतीला जायचेच ठरवलेत तर गेल्या वर्षी किती लेख नाकारले हे विचारा, आणि आकडा सांगायला किती वेळ लागतो तेही पाहा. संपादक मंडळावरच्या दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या ई-मेल पत्त्यावर लिहा. आपण त्या मंडळावर आहोत हे त्यांना ठाऊक नसणे, हा प्रकार या व्यवसायात नवा नाही. 'आमच्याकडे आयएसएसएन आहे' या वाक्याने दबून जाऊ नका. नियतकालिकाची ओळख सांगणारा तो क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो. चालकाला गाडी येते की नाही, हे त्यावरून कळत नाही.

नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी निव्वळ व्यवहार म्हणूनही ही जागा कच्ची आहे. या बाजाराला खतपाणी मिळाले ते सरकारी नियमांमुळे. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या प्रकाशित लेख वगैरेंच्या गुणांकाला बांधल्या, आणि लेख छापून आणण्याची घाई सुरू झाली. ती आवरण्यासाठी 2018 मध्ये मान्य नियतकालिकांच्या केअर यादीची घोषणा झाली, 2022 मध्ये पीएच.डी.साठी लेख छापण्याची सक्ती निघाली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये खुद्द केअर यादीच बंद करून नियतकालिकाची पारख करण्याचे काम आयोगाने संस्थांवर सोपवले. एका परिपत्रकावर उभ्या राहिलेल्या दुकानाला दुसरे परिपत्रक कधी टाळे लावील, सांगता येत नाही. मोठ्या घरालाही हा फटका बसतोच. वायली कंपनीने 2021 मध्ये सुमारे 29 कोटी 80 लाख डॉलर मोजून हिंदावी ही संस्था घेतली. विशेषांकांच्या वाटेने पेपर-मिलचे, म्हणजे पैसे घेऊन लेख तयार करून देणाऱ्या धंद्याचे, बनावट लेख आत शिरल्याचे उघड झाले, एकट्या 2023 मध्ये 8,000 हून अधिक लेख मागे घ्यावे लागले आणि शेवटी ते नावच बंद करावे लागले. त्या कंपनीकडे तोटा सोसण्याएवढे भांडवल होते. तुमच्याकडे भांडवल म्हणून फक्त तुमचे नाव आहे, आणि मॅनेजिंग एडिटर म्हणून ते 22 नियतकालिकांवर छापले जाणार आहे. दीडपट पगारासाठी ते देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरगावच्या त्रैमासिकाचे काम पाहायला लहान दिसते, पण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सरकारच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेतून 1 जानेवारी 2025 पासून 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके देशातल्या 6,300 हून अधिक शासकीय संस्थांना खुली झाली आहेत. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण गडचिरोलीतल्या शासकीय महाविद्यालयात बसून ॲमस्टरडॅमचा लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कुळकायद्यावरचा गिरगावातला मराठी लेख मात्र सापडत नाही, कारण तो शोधयंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

तो का सापडत नाही, हे पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल. न्यासाकडे बहुधा 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या पीडीएफ फाइली असतील. त्यातली एखादी उघडून 'कुळकायदा' हा शब्द शोधून पाहा. डोळ्यांना पानावर तो दहा ठिकाणी दिसत असेल आणि यंत्र म्हणेल, एकदाही नाही. कारण त्या काळच्या देवनागरी फाँटांत पडद्यावर 'क' दिसत असला तरी फाइलच्या पोटात रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की नुसता कचरा उमटतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना रूपांतर करणारी साधने रफार भलत्याच अक्षरावर टाकतात, जोडाक्षरे फोडतात, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या आपल्या खास मराठी अर्ध्या र ची तर फार आबाळ करतात. तो दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित होतो; कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने टंकलेला शब्द हाती लागेलच असे नाही. कोणती रीत धरायची हे सुरुवातीलाच ठरवून सर्व अंकांना एकच लावावी लागते. हे काम मराठी जाणणाऱ्या माणसाने, ओळीवर बोट ठेवून करण्याचे आहे.

त्याहून किचकट तळटिपा. 'तत्रैव', 'पूर्वोक्त, पृ. 42' असे लिहून आधीच्या संदर्भाकडे बोट दाखवण्याच्या आपल्या जुन्या रीतीला वाचक सरावलेला असतो, परंतु संदर्भाला दुवा जोडायचा तर प्रत्येक 'पूर्वोक्त' मागे जाऊन उलगडावा लागतो, आणि तसे करताना तुम्हाला आढळेल की काही 'पूर्वोक्त' पूर्वी कोठेच आलेले नाहीत. (आमच्या पिढीची ही आणखी एक उधारी.) लेखिकांच्या नावांचाही प्रश्न आहे. लग्नाआधीचे चार लेख एका आडनावाने आणि नंतरचे सात दुसऱ्या आडनावाने असतील तर सूचीत एका बाईंच्या दोन बाया होतात. 2012 पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक हयात लेखिकांची ही अडचण सोडवतो. दिवंगतांसाठी तुम्हाला हाताने नोंद जोडावी लागेल. संकेतस्थळासाठी ओपन जर्नल सिस्टिम्स हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणी लाखभर रुपये मागत असेल तर विश्वस्तांना सावध करा. ऑनलाइन आवृत्तीला छापील अंकाहून वेगळा आयएसएसएन घ्यावा लागतो, हेही विसरू नका.

आता पैशाचे. महिना 8 हजारांवर डोंबिवलीत संसार चालत नाही, आणि जुन्या न्यासांना त्यागाची भाषा फार लवकर सुचते, असा माझा अनुभव आहे. म्हणून अंधेरीची नोकरी तूर्त सोडू नका. तिथेच टेबल बदलून मागा. हिंदावीच्या प्रकरणानंतर बड्या प्रकाशकांना लेख आत येतानाच तपासणारी माणसे हवी आहेत: चित्रे फिरवून दोनदा वापरली आहेत का, परीक्षकाचा ई-मेल खोटा आहे का, एकच मजकूर पाच नावांनी आला आहे का. तसेच लेख एक्सएमएलमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येतील अशा खुणांसह, बांधणे, मेटाडेटा, म्हणजे लेखाची शीर्षक-लेखक-तारीख अशी माहिती, भरणे आणि हक्क व परवानग्या पाहणे या कामांना अजून माणूस लागतो. हक्कांचे तर महत्त्व वाढणारच आहे. 2024 मध्ये टेलर अँड फ्रान्सिसच्या पालक कंपनीने मायक्रोसॉफ्टशी एआयसाठी मजकूर वापरू देण्याचा करार केला आणि आपला मजकूर असा दिला गेल्याचे अनेक लेखकांना मागाहून कळले, तेव्हा करारातले बारीक टाइपातले कलम वाचणारा माणूस किती मोलाचा असतो हे सगळ्यांनाच उमगले. तुम्ही सात वर्षे शंका काढण्याचे काम केले आहे. या टेबलांवर तेच लागते. वेगळा डिप्लोमा करण्याची घाई नको. कंपनीतल्या कंपनीत सहा महिने शिकून घ्या.

न्यासाचे काम शनिवारचे म्हणून घ्या, नोकरी म्हणून नव्हे. मानधन महिन्यावर न ठेवता अंकामागे ठरवा, काम कोठे सुरू होते व कोठे संपते ते कागदावर लिहून घ्या, आणि संकेतस्थळाचे नाव व पासवर्ड न्यासाच्या नावावर राहतील, तुमच्या खासगी ई-मेलवर नव्हे, हे पाहा. दोन वर्षांनी एक अख्खे मराठी नियतकालिक शोधता येण्याजोग्या स्थितीत आणल्याचा दाखला तुमच्यापाशी असेल. तो अनुभव गाठीशी असलेली माणसे मुंबईत मी तरी फार पाहिलेली नाहीत, आणि ज्यांना हे काम करून हवे आहे अशा संस्था मात्र गिरगावपासून दादरपर्यंत बऱ्याच आहेत.

राहिला 1994 चा लेख. संपादकांची अट त्यांच्या जागी समजण्यासारखी आहे. बहुधा ते लेखक त्यांच्या ओळखीचे असतील, किंवा तो लेख त्यांनीच स्वीकारला असेल. पण छापील अंक ग्रंथालयांच्या कपाटांत आहे, त्याचे हवाले देणारे आहेत, आणि संकेतस्थळावर पृ. 31 नंतर एकदम पृ. 48 आले की वाचक आधी त्या गाळलेल्या पानांचाच शोध घेईल. तेव्हा लेखाची नोंद ठेवावी, अनुक्रमणिकेत शीर्षकापुढे 'मागे घेतला' असे लिहावे आणि वर निवेदन घालावे. मात्र संपूर्ण मजकूर खुला करू नये, कारण उचललेली पाने मुळात ज्यांची आहेत त्यांचा त्यावर हक्क आहे. विश्वस्तांपुढे ठेवायला मसुदा देतो:

'निवेदन: प्रस्तुत लेखातील बराच मजकूर एका अप्रकाशित प्रबंधातून श्रेय न देता घेतलेला असल्याचे अंक प्रसिद्ध झाल्यानंतर आढळून आले. संपादक मंडळाने हा लेख मागे घेतला आहे. अंकाची नोंद पूर्ण राहावी म्हणून शीर्षक व पृष्ठांक येथे दिले असून संशोधनासाठी या लेखाचा आधार घेऊ नये. मूळ प्रबंधाचा तपशील खाली दिला आहे.'

संपादक तरीही नाहीच म्हणाले, तर त्यांच्याशी वाद न घालता हा मसुदा विश्वस्तांच्या बैठकीत ठेवण्याची विनंती करा आणि उत्तर लेखी मागा. ते उत्तर हाती येईपर्यंत 1994 च्या अंकाला हात लावू नका, इतर वर्षे पुष्कळ पडली आहेत. प्रबंधाचे मूळ लेखक हयात असतील तर निवेदन चढवण्यापूर्वी त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, मसुदा दाखवा, आणि त्यांचे नाव आद्याक्षरांसह कसे लिहायचे, ते त्यांच्याच हातून कागदावर उतरवून घ्या.